नाशिकच्या मुलांसाठी निसर्गेतिहासाचं प्रदर्शन: काय मांडावं, कसं मांडावं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत, पक्षी सप्ताहातल्या (५ ते १२ नोव्हेंबर) शनिवार-रविवारी गंगापूर रोडवरच्या एका शाळेचा हॉल आणि मागचं मैदान आम्हाला मिळतंय. आम्ही काही कुटुंबं मिळून तिथे निसर्गेतिहासाचं छोटं प्रदर्शन भरवतोय. तिकीट नाही. आजी-आजोबा, आई-बाबा आणि मुलं एकत्र यावीत आणि दोनेक तास रमावीत, एवढीच इच्छा. त्यासाठी तुमच्याकडून कल्पना, वस्तू, माणसं, सगळंच हवं आहे.

मनात काय आहे ते आधी सांगते. सुट्टीत मुलांना असं काही दाखवायचं म्हणजे आपल्याकडे मैदानावर मंडप, आत डरकाळ्या फोडणारे डायनोसोर आणि बाहेर पाळणे. मुलं खूश असतात, मीही माझ्या मुलांना नेते. पण तिथून निघालेल्या मुलाला त्र्यंबक रस्त्याने जाताना समोरचा डोंगर आडव्या पट्ट्यांचा का दिसतो, हा प्रश्न पडत नाही. मला तो प्रश्न पडायला हवा आहे.

जगातली मोठी म्युझियम्स काय करतात ते मी आवडीने वाचत असते. लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम १८८१ मध्ये उघडलं, आजही मुख्य दालनांना प्रवेश मोफत. तिथल्या मोठ्या हॉलमध्ये 'डिप्पी' नावाची, डिप्लोडोकस या डायनोसोरच्या सांगाड्याची प्रतिकृती कित्येक वर्षं मुलांचं स्वागत करायची. २०१७ मध्ये ती काढून तिच्या जागी निळ्या देवमाशाचा खराखुरा सांगाडा छताला टांगला. २५.२ मीटर लांब. १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर वाहून आलेली ती मादी. माणसाने शिकार करून जवळजवळ संपवलेला आणि मग वाचवायचं ठरवलेला प्राणी म्हणून तिचं नाव 'होप' ठेवलं. आणि डिप्पी? तो २०१८ पासून ब्रिटनच्या वेगवेगळ्या शहरांत मुक्कामाला गेला. राजधानीतली सगळ्यांची लाडकी वस्तू लहान गावांकडे पाठवायची, ही गोष्ट मला फार आवडली.

तर नाशिकने आपल्या हॉलमध्ये काय टांगावं, काय मांडावं? जिवंत प्राणी पिंजऱ्यात आणायचे नाहीत आणि पाट्या मराठीत असतील, एवढं नक्की आहे. बाकी सगळं मोकळं.

सिन्नरकर

ताई, सुरुवात दगडापासून करा. नाशिक जिल्ह्याची जगात ओळख द्राक्षांच्या आधीपासून खनिज गोळा करणाऱ्यांना आहे. पांडवलेणीच्या आसपासच्या खाणींतून निघालेले झिओलाइट आणि पॉवेलाइट या खनिजांचे नमुने परदेशातल्या संग्रहांत मानाने बसलेत. आणि आपल्यातल्या कित्येकांनी माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी म्युझियम अजून आतून पाहिलेलं नाही! नौदलात नोकरी केलेल्या के. सी. पांडे यांनी २००१ मध्ये ते सुरू केलं. शिर्डीला जाताना गाडी तिथूनच जाते, एक तास काढा.

आमच्याकडे विहिरी खणायचं काम चालायचं. काळा पाषाण लागला की सुरुंग, आणि मध्येच मांजऱ्या (पोकळ्यांचा मऊसर खडक) लागला की त्यात पांढऱ्या, हिरवट, गुलाबीसर स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या निघायच्या. काम करणारी माणसं ते बाजूला फेकायची, आम्ही पोरं खिशात भरायचो. प्रदर्शनात मी घरचे नमुने देईन: स्टिलबाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट आणि ॲपोफिलाइटचा एक मोठा गड्डा. स्कोलेसाइटच्या सुया केसासारख्या बारीक असतात, हात लागला की मोडतात, त्यामुळे ते काचेखालीच. स्टिलबाइट मुलांच्या हातात द्यायला हरकत नाही.

आर्याची_आई

कल्पना छानच. पण माझी लेक सहा वर्षांची आहे आणि दारातच विचारणार, "टी-रेक्स कुठंय?" तुम्ही तिला दगड दाखवलात तर ती पाच मिनिटांत मैदानावर पळेल. डायनोसोर पूर्ण वगळू नका प्लीज. मुलं त्याच दारातून आत येतात.

बेसाल्ट

आर्याच्या आईंशी सहमत. मी भूशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. माझा अनुभव असा की डायनोसोर विचारणाऱ्या मुलाला "ते इथे नाहीत" म्हणून गप्प बसवू नये. ते इथे का दिसत नाहीत, हीच तर आपल्या जिल्ह्याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून लाव्हा वाहत होता. आपण चित्रात काढतो तसा एकच शंकूसारखा डोंगर आणि वर धूर, असं नाही. लाव्हा पसरायचा, थंड व्हायचा, मग पुन्हा नवा लोट. थरावर थर. आजही हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा खडक, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. साल्हेर १५६७ मीटर उंच उभा आहे तो याच थरांचा. पावसाने आणि ओढ्यांनी मऊ थर लवकर झिजवले, कठीण थर कड्यासारखे राहिले. ताई, तुमच्या त्र्यंबक रस्त्यावरच्या पट्ट्या त्या ह्याच.

थंड होताना लाव्ह्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या. नंतर फार मोठ्या काळात गरम पाणी त्या खडकातून झिरपत राहिलं, बरोबर सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम घेऊन. ते पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक होऊन बसलं. सिन्नरकरांच्या खिशातला ऐवज तो हाच. (शिक्षकाची सवय म्हणून सांगतो: ॲपोफिलाइट झिओलाइटच्या शेजारी सापडतं, पण ते झिओलाइट नव्हे. पाटीवर वेगळं लिहा.)

आता डायनोसोर. हे लाव्ह्याचे लोट आणि डायनोसोरांचा शेवट जवळजवळ एकाच काळातले. मेक्सिकोत चिक्शुलुबला आदळलेला अशनी हे मुख्य कारण मानलं जातं, आणि आपल्या लाव्ह्याने हवामान किती बिघडवलं यावर शास्त्रज्ञांची चर्चा अजून चालू आहे. भारतातले त्या शेवटच्या काळातले डायनोसोर लाव्ह्याखालच्या गाळाच्या थरांत सापडतात. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोलीला त्यांची अंडी आहेत, २००३ मध्ये वर्णन झालेला राजासॉरस त्याच भागातला, आणि २०१९ पासून तिथे डायनोसोर म्युझियमही आहे. आपल्याकडे बेसाल्टचा थर इतका जाड आहे की खालचं काही वर दिसत नाही.

पण आपली गोदामाई पुढे जिथे प्राणहितेला भेटते, त्या खोऱ्यात ज्युरासिक काळातले डायनोसोर निघालेत. बारापासॉरस तिथलाच, त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. कोटासॉरसचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात आहे. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधम इथे जीवाश्म उद्यानही आहे. आर्याला सांगा, तू रामकुंडावर जे पाणी बघतेस, ते पुढे डायनोसोरांच्या गावावरून जातं.

आर्याची_आई

सर, हे शेवटचं वाक्य मी तिला आत्ताच सांगितलं. पुढचा प्रश्न तयार: "मग पाण्याला किती दिवस लागतात?" 😊

निफाडचा_बागायतदार

राम राम. डायनोसोरला माझ्याकडे तोडीस तोड उत्तर आहे. हत्ती!

आमच्या नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीच्या जुन्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष सापडले होते आणि पिलग्रिम नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये त्यावर लेख लिहिला. हा सरळ सुळ्यांचा हत्ती, पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस. आजच्या आशियाई हत्तीचा नर खांद्यापाशी साधारण पावणेतीन मीटर भरतो. हा त्याच्यापेक्षा खूप मोठा, चार मीटरच्या वर, काही अंदाज तर पाच मीटरच्या आसपास जातात. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे कधी आलं नाही. मी ऐकलं तेव्हा बागेत काम करणाऱ्या सगळ्यांना गोळा करून सांगितलं, आपण ज्या काळ्या मातीत द्राक्ष लावतो तिथून असं जनावर चाललंय.

माझं म्हणणं, हॉलच्या भिंतीवर खऱ्या मापात या हत्तीची बाह्यरेषा खडूने काढा आणि शेजारी आजचा हत्ती. मुलांनी पाठ टेकवून उभं राहायचं आणि आपलं डोकं त्याच्या कुठपर्यंत येतं ते बघायचं. पैसा लागत नाही.

आणि पक्षी सप्ताहात करताय तर नांदूर मध्यमेश्वरची एक सकाळ जोडाच. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ते, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधाऱ्यामागे गाळ साचून हे पाणथळ झालं. नोव्हेंबरात थंडीचे पाहुणे यायला लागलेले असतात: तलवार बदक, थापट्या, चक्रवाक. जांभळी पाणकोंबडी तर बारा महिने. चापडगावच्या मनोऱ्यावर सूर्य उगवायच्या आत पोचा, दहा वाजता गाड्या घेऊन येऊ नका.

गोदाकाठची

भाऊ, हा हत्ती मला माहीत नव्हता. नाशिकमध्ये कोणीतरी शाळेच्या भिंतीवर तो काढायलाच हवा होता इतकी वर्षं. हॉलची उंची मोजून घेते, नाहीतर बाहेरची भिंत आहेच.

जुनी_कपाटं

मी काही वर्षं एका संग्रहालयात जतन विभागात काम केलं आहे, त्यामुळे थोडं जपून बोलणारी माणूस आहे, समजून घ्या.

कॉलेजांच्या प्राणिशास्त्र विभागांकडून पेंढा भरलेले जुने पक्षी-प्राणी मागायचा मोह होईल. मिळाले तरी मुलांच्या हाताला लागू देऊ नका. जुन्या काळी कीड लागू नये म्हणून कातड्याला आर्सेनिक लावायची पद्धत होती. बंद काचपेटी, आणि पेटी उघडणारी एकच जबाबदार व्यक्ती. फॉर्मॅलिनच्या बरण्या तर आणूच नका, दोन दिवसांच्या गर्दीत एक फुटली तरी हॉल रिकामा करावा लागेल.

पिसं, फुलपाखरं, वाळवलेली फुलं यांना उन्हाचा आणि प्रखर दिव्यांचा त्रास होतो. म्युझियममध्ये अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, म्हणून ती दालनं अंधारी वाटतात. तुमचं प्रदर्शन दोनच दिवसांचं, तरी वस्तू दुसऱ्याच्या आहेत. खिडकीसमोर मांडू नका. जांभळा ॲमेथिस्टसुद्धा उन्हात फिका पडतो.

हे सगळं एवढ्या काळजीने का सांगते? दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय, मंडी हाउसजवळचं, ५ जून १९७८ ला उघडलेलं, २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे आगीत जळून गेलं. त्याच संस्थेची म्हैसूर, भोपाळ, भुवनेश्वर आणि सवाई माधोपूरची केंद्रं आहेत, पण दिल्लीतला संग्रह गेला तो गेला. नमुना एकदा जळला की त्याच्यासारखा दुसरा मिळेल, तोच मिळत नाही. कोणत्या डोंगरावरून, कोणत्या साली, कोणी आणला, ही माहिती त्याच्याबरोबर जाते. म्हणून प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावा: कुठे मिळाली, कधी, कोणाची. सिन्नरकर, तुमच्या स्टिलबाइटलाही. "काकांच्या विहिरीतून" हेही चालेल, पण लिहा.

आता आनंदाची बाजू. एक मोठं टेबल फक्त हात लावायचं ठेवा. काय काय: बेसाल्टचा गुळगुळीत आणि सच्छिद्र असे दोन तुकडे, नदीतले गोटे, बैलाची कवटी, कोंबडीची पिसं, सागाची आणि पळसाची पानं, बिया, भिंगं. मुलांना नुसतं बघायला सांगितलं तर ती पटकन कंटाळतात, हातात दिलं की स्वतःहून विचारायला लागतात.

वनरक्षकाची_लेक

टेबलाबद्दल एक महत्त्वाचं. "मुलांनी येताना घरून निसर्गातली एक वस्तू आणावी" असं आवाहन कृपया करू नका. नाहीतर कोणी घरटं उचलून आणेल, कोणी अंडी, कोणी जंगली पक्ष्याची पिसं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे सगळं येतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी घरटं झाडावरच राहावं. मुलांनी चित्र आणावं, फोटो आणावा, पावलाचा ठसा आणावा.

ठशाचं तर वेगळं टेबलच होऊ शकतं. ओल्या मातीत कुत्रा, मांजर, शेळी, बगळा यांचे ठसे घ्या, पुठ्ठ्याचं कडं लावा, प्लास्टर ऑफ पॅरिस ओता, अर्ध्या तासात साचा हातात. वन विभागाकडे विनंती केली तर बिबट्याच्या ठशाचा साचा दाखवायला मिळेलही. बिबट्याचा ठसा आणि मोठ्या कुत्र्याचा ठसा शेजारी ठेवा. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्या नखं आत ओढून चालतो. आपल्या जिल्ह्यात उसाच्या फडात बिबट्याची मादी पिल्लं घालते, मुलं रोज त्या रस्त्याने शाळेत जातात. त्यांना हे कळणं ही करमणूक नाही, गरज आहे.

निफाडचा_बागायतदार

एकदम बरोबर. आमच्याकडे संध्याकाळी पोरं एकटी सोडत नाही कोणी. बिबट्यावर एक माहितगार माणूस बसवाच, भीती घालणारा नको, शहाणपण सांगणारा हवा.

आणि गव्हाणी घुबड विसरू नका. आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर आहे. उंदीर गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून ओकतं. ती गोळी चिमट्याने सोडवली की आत उंदराचा जबडा, कवटी, बरगड्या सगळं निघतं. मुलं एवढी शांत बसलेली तुम्ही पाहिली नसतील.

जुनी_कपाटं

ही उत्तम कल्पना आहे, फक्त गोळ्या आधी फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये चांगल्या तापवून घ्या आणि मुलांना हातमोजे द्या. नंतर साबणाने हात. शेजारीच पाण्याची सोय हवी.

पेठची_शिक्षिका

इतका वेळ नुसतं वाचत होते. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर शिकवते. एक गोष्ट सुचवू का?

हे सगळं "शहरातल्या मुलांना दाखवायचं" असं चाललंय. माझ्या वर्गातल्या मुलांना मोह कधी फुलतो, करवंदं कोणत्या बाजूच्या डोंगरावर आधी पिकतात, कोणता कंद किती वेळ उकडावा लागतो, हे पाठ आहे. त्यांना प्रेक्षक म्हणून बसमध्ये घालून आणू नका. एक टेबल त्यांना द्या. हिरडा, बेहडा, मोह, ऐन, पळस यांच्या बिया आणि पानं ती आणतील, आणि समजावून ती सांगतील. त्यांच्या बोलीत त्या झाडांची जी नावं आहेत ती पाटीवर पहिली यावीत, मग पुस्तकातलं मराठी नाव, मग शास्त्रीय. इंग्रजी शाळेतलं मूल जेव्हा माझ्या चौथीतल्या मुलीला "हे काय आहे?" विचारेल आणि ती उत्तर देईल, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येईल त्यासाठी मी स्वतःच्या खर्चाने त्यांना घेऊन येईन.

गोदाकाठची

बाई, खर्च तुमचा नाही, आमचा. आणि ते टेबल दारासमोरचं, सगळ्यात पहिलं. हे मी आमच्या गटाला आत्ताच कळवते.

बेसाल्ट

पेठच्या बाईंना मनापासून नमस्कार.

मैदानासाठी माझ्याकडून एक खेळ. ६६ मीटर दोरी घ्या. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. एका टोकाला लाव्हा आणि डायनोसोरांचा शेवट. दुसरं टोक म्हणजे आज. मुलांना त्यावरून चालत येऊ द्या. सगळी दोरी चालून होत आली तरी माणूस नाही. आपली जात, होमो सेपियन्स, साधारण तीन लाख वर्षांची, म्हणजे शेवटचे ३० सेंटिमीटर. चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. हो, खानदेशात शहामृग होते! ते दोरीवर शेवटच्या अडीच सेंटिमीटरवर. आणि पांडवलेणी, जी आपल्याला इतकी जुनी वाटते, ती दोन हजार वर्षांची, म्हणजे शेवटचे दोन मिलिमीटर. तिथे लाल धागा बांधा.

तुमची शाळा गंगापूर रोडवर आहे म्हणून आणखी एक. गंगापूरजवळ गोदावरीच्या काठी अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आहेत. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी त्यांचा अभ्यास केला, आणि पुढे १९५०-५१ मध्ये नाशिकच्या मातीच्या गढीवर उत्खननही केलं. मुलं ज्या रस्त्याने शाळेत येतात त्याच्या टोकाला लाखो वर्षांपूर्वी कोणीतरी बसून दगड घडवत होतं. ही गोष्ट दोरीजवळ उभं राहून सांगायला मी दोन्ही दिवस येतो. उन्हाची मला सवय आहे.

सातपूर_कॉलनी

देवमाशाची पण दोरी करा की, २५.२ मीटरची. मुलांना रांगेत झोपवायचं, किती मुलं म्हणजे एक देवमासा!

अंजनेरी_वारी

आमच्या ग्रुपकडे अंजनेरीचे फोटो आहेत. कड्यावर घरटं करणारी लांब चोचीची गिधाडं, आणि अंजनेरीवरून २००६ मध्ये ज्याचं शास्त्रीय वर्णन झालं ते सेरोपेजिया अंजनेरिका, कंदीलपुष्पाच्या कुळातलं. जगात फार थोड्या जागी उरलेली वनस्पती आहे ही. २०१७ पासून अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

फोटो देताना एक अट: फूल नेमकं कुठे आहे ते पाटीवर लिहायचं नाही, कोणी विचारलं तरी सांगायचं नाही. मागच्या काही वर्षांत फोटोसाठी सड्यावर होणारी गर्दी बघितली आहे, गवत तुडवलं जातं.

गिधाडांबद्दल मात्र मोकळेपणाने सांगा. १९९० च्या दशकानंतर भारतातली गिधाडं ९० टक्क्यांहून जास्त घटली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे दुखण्याचं औषध मेलेल्या गुराच्या अंगात राहायचं, ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आजोबा लोकांना गावाबाहेर उतरणारे गिधाडांचे थवे आठवतात, नातवंडांनी एकही पाहिलेलं नाही. तिथे आजोबांनाच बोलू द्या.

पंचवटीचे_आजोबा

मी बोलायला तयार आहे. तपोवनाच्या बाजूला ढोर टाकायचे तिकडे गिधाडं उतरायची, आम्ही लांबून बघायचो. पंख पसरून धावत धावत उडायची. नातवाला सांगितलं तर तो म्हणतो व्हिडिओ दाखवा. आमच्याकडे कुठला व्हिडिओ.

शांत_तास

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. गर्दी, माइकचा आवाज, गाणी सुरू झाली की त्याला तिथे थांबता येत नाही, म्हणून आम्ही अशा ठिकाणी जातच नाही. लंडनच्या त्याच म्युझियममध्ये 'डॉनोसॉर्स' नावाचा उपक्रम आहे. सकाळी म्युझियम इतरांसाठी उघडण्याआधी अशा मुलांच्या कुटुंबांना शांतपणे आत सोडतात. तुम्ही रविवारी सकाळी पहिला एक तास असा ठेवू शकाल का? माइक बंद, कमी माणसं, हात लावायचं टेबल मोकळं. त्याला दगड फार आवडतात. तासन्‌तास रंगांप्रमाणे रांगा लावतो.

गोदाकाठची

ठेवणार. रविवारी ८ ते ९, आणि गर्दी नसेल तर साडेनऊपर्यंत. नाव नोंदवायची गरज नाही, सरळ या. दगडांच्या टेबलावर सिन्नरकर स्वतः असतील, त्यांना मी आधी सांगून ठेवते.

सिन्नरकर

असेन. रंगांप्रमाणे लावायचे तर त्याच्यासाठी गोट्यांची वेगळी परात भरून आणतो.

नवनाशिक

सगळं वाचून आनंद झाला, पण एक कडवट वाटेल असं बोलतो. दोन दिवसांची प्रदर्शनं किती दिवस करत राहायची? आपल्याकडे तारांगण आहे, अंजनेरीला नाण्यांची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, सरकारवाड्यात पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे, सिन्नरला खनिजं आहेत. निसर्गेतिहासाचं पूर्ण म्युझियम का नाही? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पक्षी-प्राण्यांची दालनं आहेत, २०१९ पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे. नागपूरला अजब बंगला १८६३ पासून. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात एवढी कामं निघतात, त्यात एक इमारत मागायला आपण का लाजतो?

जुनी_कपाटं

मागणी योग्यच. पण इमारत आधी आणि संग्रह नंतर असं झालं की काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे: वातानुकूलन बंद, कपाटात कातडी कुरतडणारे डर्मेस्टिड किडे, पाट्यांवर धूळ. आधी माणसं तयार व्हावीत. कोण नोंद ठेवणार, कोण महिन्यातून एकदा प्रत्येक पेटी उघडून बघणार, कोण शाळांना फोन करणार. मुंबईच्या संग्रहालयाने २०१५ मध्ये 'म्युझियम ऑन व्हील्स' बस सुरू केली आणि वस्तू गावोगावी नेल्या. नाशिकने आधी अशी एक गाडी केली, सुरगाणा-पेठपासून येवल्यापर्यंत फिरवली, तरी दहा वर्षांत इमारतीसाठी भांडणारी पिढी तयार होईल.

नवनाशिक

ते पटलं. पण मागणीचं पत्र मी लिहिणारच. प्रदर्शनात सह्यांचं एक टेबल मला द्या. मुलांच्या सह्या वेगळ्या कागदावर, त्यांना काय बघायचंय ते त्यांच्याच अक्षरात.

आर्याची_आई

आर्याचं नाव पहिलं लिहा. ती 'डायनोसोर आणि हत्ती' लिहिणार आहे, हे तिने आत्ताच सांगून ठेवलंय.

बेसाल्ट

सिन्नरकर, पॉवेलाइटचा तुकडा मिळाला तर शॉर्टवेव्ह अतिनील दिव्याखाली तो पिवळसर चमकतो, अंधाऱ्या खोलीत मुलं वेडी होतात. पण त्या दिव्याकडे थेट बघणं डोळ्यांना घातक आहे. दिवा आणि दगड दोन्ही काचेच्या बंद पेटीत, बाहेरून बघायचं. साधी काच तो प्रकाश अडवते. पेटी मी करून आणतो.

गोदाकाठची

आत्तापर्यंत जे ठरलं ते लिहिते, कोणाचं राहिलं असेल तर खाली सांगा.

दारासमोर पेठच्या मुलांचं झाडांचं टेबल. मग सिन्नरकरांचे दगड, अर्धे हाताळायचे, अर्धे काचेत. भिंतीवर नांदूरचा हत्ती. हॉलची उंची मोजली, पंखे आड येतात, म्हणून तो मैदानाच्या भिंतीवर जाईल आणि त्याच्याजवळून सरांची ६६ मीटरची दोरी सुरू होईल. मैदान तिरकं मोजलं तर बसते. देवमाशाची दोरी शनिवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. ठसे आणि घुबडाच्या गोळ्या नळाजवळच्या व्हरांड्यात. बिबट्यासाठी वन विभागाला पत्र उद्या जाईल, वनरक्षकाच्या लेकीने मसुदा बघून द्यावा. अंजनेरीचे फोटो उत्तरेकडच्या भिंतीवर, तिथे ऊन येत नाही, आणि शेजारी खुर्ची टाकून पंचवटीचे आजोबा, दोन्ही दिवस ५ ते ६. रविवारचा पहिला तास शांत. नांदूर मध्यमेश्वरला त्याच्या पुढच्या रविवारी पहाटे, ज्यांना जमेल त्यांनी, गाड्या वाटून.

पाट्यांचं काम सगळ्यात मोठं राहिलंय. एक पाटी म्हणजे चार ओळी, मोठं अक्षर, सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. शेवटची ओळ प्रत्येक वेळी एक प्रश्न, ज्याचं उत्तर टेबलावरच्या वस्तूत शोधायचं. उदाहरणार्थ दोन बेसाल्टजवळ: "यातला कोणता हलका? का?" मी दहा लिहिल्या आहेत. अजून तीसेक लागतील.

पेठची_शिक्षिका

झाडांच्या पाट्या आम्ही वर्गात लिहून आणतो, मुलांच्याच अक्षरात. छापू नका.

वनरक्षकाची_लेक

मसुदा आजच पाठवा. पत्रात मुलांची अंदाजे संख्या आणि वेळ लिहा, म्हणजे त्यांना माणूस नेमता येईल. ठशांच्या पाट्या माझ्याकडे.

सातपूर_कॉलनी

दोऱ्या माझ्याकडून, नायलॉनच्या, दोन्ही. मीटरच्या खुणा लाल रंगाने करून आणतो. शिवाय आमच्या मंडळाची सहा टेबलं आणि टेम्पो आहे, शुक्रवारी संध्याकाळी कुठे उतरवायची तेवढं सांगा.